एकमत झालेली घड्याळं

घड्याळजीच्या दुकानात पाऊल टाकलं की आधी कानावर टिकटिक पडायची आणि मग डोळ्यांत भरायची ती भिंत. लहान-मोठी, गोल-चौकोनी, लंबकाची, बिनलंबकाची अशी घड्याळांची नुसती दाटी, आणि सगळ्यांचे काटे एकाच जागी, कवायतीला उभ्या केलेल्या पोरांसारखे. घड्याळजीला त्या भिंतीचा फार अभिमान. दुरुस्त झालेलं घड्याळ गिऱ्हाइकाच्या हातात ठेवताना त्याचं वाक्य ठरलेलं असे, "काट्याला काटा. भिंतीशी ताडून बघा."

अशा माणसाच्या पोटी अशी लेक यावी, याची गल्लीला मोठी गंमत वाटे. तिला कुणी वेळ विचारली की ती म्हणे, "साडेपाच, दोन-तीन मिनिटं इकडे-तिकडे." शाळेतून कधी येशील, असं आईनं विचारलं तर उत्तर यायचं, सहाला, पण वीस मिनिटं मागेपुढे धर. घड्याळजीच्या घरात राहून पोरगी वेळ अंदाजे सांगते, म्हणून समोरच्या न्हाव्यानं तिचं नाव 'अंदाजे' ठेवलं. ते असं चिकटलं, की हजेरीला बाईंनी खरं नाव पुकारलं तर वर्गातली मुलं माना वळवून बघत, ही कोण नवीन आली.

अंदाजे त्यावर कधी चिडली नाही. नुसता आकडा सांगणं म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणं, असं तिला मनापासून वाटे, आणि तसं वाटायला कारण घडलं होतं. ती अगदी लहान असताना दुकानातलं मोठं भिंतीवरचं घड्याळ एकदा सुस्तावलं आणि काही मिनिटं मागे पडलं. बाबांच्या ते ध्यानात आलं नाही. सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे बाकीची सगळी घड्याळं त्याच्याशी जुळवली. एक गिऱ्हाईक काट्याला काटा मिळवून समाधानानं गेलं आणि त्याची बस चुकली. तो माणूस परत येऊन जे बोलला, ते आईनं मुलांच्या कानांवर हात ठेवून ऐकलं. बाबा बिचारे पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होते, की पण सगळी तर सारखंच सांगत होती. ते वाक्य अंदाजेच्या डोक्यात जाऊन बसलं. सगळी सारखंच सांगत होती, आणि सगळी चुकत होती.

आता ती नववीत होती. तिच्या शाळेची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. विज्ञानाच्या बाई ते उघडत तेव्हा कुणीतरी दार धरून ठेवावं लागे, नाहीतर ते अंगावर येई. म्हणून बाईंनी जेव्हा वर्गात कॉलेजातल्या स्पर्धेची बातमी सांगितली, तेव्हा अंदाजे बाकावरून उठून उभीच राहिली. जिंकणाऱ्या जोडीला वर्षभर, दर शनिवारी, कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करायला मिळणार होतं. खरी उपकरणं, खरे प्रयोग, आणि अंगावर न येणारी कपाटं. दहावीतला दादा जोडीदार व्हायला एका पायावर तयार झाला. अडचण एकच होती. शनिवार हा दुकानात गर्दीचा दिवस, आणि शनिवारी दोन्ही मुलं बाबांना हाताशी लागत.

बाबांनी जेवता जेवता सगळं ऐकून घेतलं. मग हात धुऊन आले आणि म्हणाले, "जिंकलात तर शनिवार तुमचे. हरलात तर माझे, आणि मग हा विषय पुन्हा काढायचा नाही."

अंदाजेनं मान डोलावली. एखादी गोष्ट हवी की नको, किती हवी, यात तिचं नेहमी थोडंफार मागेपुढे असे. या खेपेला तसं काही नव्हतं.

स्पर्धा ठेवली होती कॉलेजच्या ग्रंथालयाच्या इमारतीत. तिथला जिना भिंतींना धरून वळत वळत चार मजले वर जातो आणि मध्ये विहिरीसारखी पोकळी राहते. त्या पोकळीत छतापासून एक बारीक पोलादी तार सोडली होती. खाली, जमिनीपासून वीतभर वर, नारळाएवढा लोखंडी गोळा. वरची कडी फळ्यांआड झाकलेली, आणि जिन्यावर बाकं आडवी टाकून वाट अडवलेली. कडीपासून गोळ्याच्या मध्यापर्यंतची लांबी किती, हा प्रश्न. वर जायचं नाही, तारेला टेप लावायची नाही. हाताशी एक स्टॉपवॉच, खडू आणि कागद.

अशक्य वाटतं, पण लंबकाची एक प्रामाणिक खोड असते. तार जितकी लांब, तितका झोका संथ. गोळा जड आहे की हलका, याची त्याला पर्वा नसते. झोका लहान ठेवला आणि एका झोक्याला, म्हणजे जाऊन परत यायला, किती वेळ लागतो ते नीट मोजलं, की त्यावरून लांबी गणितानं काढता येते. ते गणित बाईंनी दोघांकडून घोटून घेतलं होतं. एकच झोका मोजू नका, वीस मोजा, म्हणजे बोटाची चूक वीस जणांत वाटली जाईल. झोक्याच्या टोकाला गोळा रेंगाळतो, म्हणून मधोमध, जिथे तो सर्वांत वेगात जातो, तिथे जमिनीवर खडूची रेघ मारा आणि ती ओलांडताना मोजा. बटण दाबताना 'एक' म्हणू नका, 'शून्य' म्हणा, नाहीतर विसाच्या जागी एकोणीसच झोके पदरात पडतील. सगळं पाठ होतं.

पण खरा पेच होता तो नियमात. पांढऱ्या मिशांचे एक प्राध्यापक होते, त्यांनी तो सगळ्यांना समजावून सांगितला. नुसती लांबी सांगून भागणार नव्हतं. आपण किती सेंटिमीटर चुकू शकतो, तेही प्रत्येक जोडीनं लिहून द्यायचं. खरी लांबी त्या हद्दीच्या बाहेर पडली, की जोडी बाद. हद्दीत असली, तर ज्यांची हद्द सर्वांत लहान ते जिंकले. म्हणजे फार ऐट मिरवली तर बाद, फार भ्यालं तर हार.

दादा तिच्या कानाशी लागला. "अगं, हे तर तुझ्यासाठीच काढलंय. इकडे-तिकडे सांगायची स्पर्धा."

त्यांच्या आधी एका मोठ्या शाळेची जोडी गेली. दोघांचेही चष्मे एकाच चौकटीचे आणि चालही एकसारखी. ते बाहेर आले तेव्हा अगदी निवांत होते. मग या दोघा भावंडांना हाक आली. हातात अर्धा तास.

दादानं गोळा हलकेच बाजूला घेऊन सोडला. तो न डगमगता, आवाज न करता रेघेवरून पलीकडे गेला आणि सावकाश परत आला. घड्याळ दादाच्या हातात. झोके मोजायचं काम अंदाजेचं. "शून्य," ती म्हणाली आणि बटण दाबलं गेलं. विसावा झोका पुरा झाला तेव्हा आकडा आला एकशे एक्केचाळीस पूर्णांक पाच सेकंद. दुसऱ्यांदा मोजलं, पुन्हा तोच. तिसऱ्यांदा दशांशाचा फरक. दादाचा चेहरा असा फुलला, की भिंतीवरची सगळी घड्याळं एकदम बारा वाजवतायत की काय असं वाटावं.

"काट्याला काटा," तो म्हणाला. "आपण एका सेंटिमीटरची हद्द लिहू शकतो. चष्मेवाले गेले."

अंदाजेला मात्र ते गोड लागेना. माणसाचं बोट ते. कधी जरा आधी पडेल, कधी जरा उशिरा. बाईंच्या वर्गात सरावाला दोरी टांगून मोजलं होतं, तेव्हा दरवेळी आकडे थोडे विखुरलेले येत आणि बाई म्हणत, विखुरले म्हणजे जिवंत आहेत. इथे ते एकमेकांना चिकटून का बसलेत?

चौथ्या खेपेला तिनं तोंडानं झोके मोजले, पण डोळे दादावर ठेवले. अठरा, एकोणीस. गोळा परत येऊ लागला आणि दादाची नजर रेघेवरून उचलून हातातल्या घड्याळावर गेली. "वीस," ती म्हणाली. गोळा रेघ ओलांडून पुढे गेला. दादाचा अंगठा क्षणभर थांबला आणि मग पडला. एकशे एक्केचाळीस पूर्णांक पाच.

"दादा," ती हळू आवाजात म्हणाली, "तुझा अंगठा गोळ्याला बघून पडत नाहीये. आकड्याला बघून पडतोय."

दादाचे कान लाल झाले. तो म्हणाला, मी काय लबाडी करतोय का. चार आकडे जवळजवळ हुबेहूब आले, दुसरी जोडी आनंदानं नाचली असती, आणि हिला त्यातही खोट दिसते.

"लबाडी नाही रे. तू बाबांचा मुलगा आहेस. घड्याळं जुळलेली दिसेपर्यंत तुला चैन पडत नाही. पहिल्यांदा तुझा हात घाबरला आणि उशिरा पडला असेल. पुढचे तीन त्याच्याशी जुळवलेस, आणि तुला कळलंही नाही."

"आणि तू कुणाची मुलगी आहेस?"

"त्यांचीच. म्हणून तर त्या माणसाची चुकलेली बस मला आठवते."

त्या दिवशी दुकानात दादाही होता. त्याच्याही कानांवर आईचा हात होता. त्यानं घड्याळाकडे पाहिलं, गोळ्याकडे पाहिलं. निम्मा वेळ संपत आला होता. हाताशी असलेले चार देखणे आकडे टाकून द्यायचे म्हणजे ताटात वाढलेलं उचलून बाजूला ठेवण्यासारखंच होतं.

"टाक," तो शेवटी म्हणाला. "आता काय करायचं ते तूच सांग."

अंदाजेनं खिशातून रुमाल काढला आणि स्टॉपवॉच त्यात गुंडाळलं, बटण तेवढं बाहेर ठेवून. दादानं फक्त रेघेकडे बघायचं. झोके तिनं मोजायचे. दर खेपेनंतर दादानं डोळे मिटून घड्याळ तिच्या हातात द्यायचं, तिनं आकडा लिहायचा आणि कागद पालथा घालायचा. पाची खेपा होईपर्यंत त्याला एकही आकडा कळू द्यायचा नाही.

दाराशी उभ्या असलेल्या प्राध्यापकांची भुवई जरा वर गेली. एकदा तर एका मदतनिसानं आत डोकावून विचारलं, की या मुलाला घड्याळाची भीती वाटते का.

वेळ संपायला थोडा अवकाश असताना कागद उलटा केला. दादानं आकडे पाहिले आणि कपाळावर हात मारला. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा यांत चांगला अर्ध्या सेकंदाचा फरक. एकही आकडा दुसऱ्या कुणाशी काट्याला काटा मिळत नव्हता. आणि सगळेच्या सगळे आधीच्या आकड्यांहून लहान.

"जिवंत आहेत," अंदाजे म्हणाली, आणि तिला हसू फुटलं.

मग शेजारच्या खोलीत गणित. पाचांची सरासरी घेतली, तिला विसानं भागलं, लांबी काढली. बारा मीटर एकतीस सेंटिमीटर. तिनं गंमत म्हणून टाकून दिलेल्या आकड्यांचंही गणित केलं, तर लांबी बारा सेंटिमीटरनं जास्त आली. दादानं ते पाहिलं आणि पाण्याचा अख्खा पेला एका दमात प्यायला.

आता राहिली हद्द. आकड्यांच्या पसाऱ्याचा निम्मा धरला तर लांबीत चार सेंटिमीटर आणि वर थोडं, एवढी शंका निघत होती. दादा घासाघीस करू लागला. बाईंनीच शिकवलंय ना, की पाच आकड्यांची सरासरी ही एकट्या आकड्याहून भरवशाची असते. एक इकडे चुकतो, एक तिकडे चुकतो, आपसांत कापलं जातं. मग निम्मी कर, दोन लिही. चारच्या हद्दीवर चष्मेवाले सहज मात करतील आणि शनिवार जातील दुकानात.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. शनिवार या शब्दानं अंदाजेच्या हातातली पेन्सिल थबकली. दोन लिहिलं तर जिंकायची आशा जास्त. पण तिनं मनातल्या मनात दादाचा अंगठा पुन्हा पाहिला.

"इकडचं-तिकडचं कापलं जातं, ते खरं," ती म्हणाली. "म्हणून वरचं थोडं मी सोडते. पण घड्याळ थांबवताना तुझा अंगठा जर दर वेळी थोडा उशिराच पडत असेल, तर ती चूक एकाच बाजूची. ती पाच वेळा मोजून काय, पन्नास वेळा मोजून काय, कापली जाणार नाही. मला जेवढं माहीत नाही, तेवढं मी लिहिणार. चार."

"आणि हरलो तर?"

"तर दुकानात बसू. पण खोटी दोन लिहून जिंकलो, तर ते मला वर्षभर दर शनिवारी आठवेल."

दादानं निःश्वास टाकला आणि चिठ्ठीवर स्वतःच्या हातानं चार लिहिलं.

निकालाला सगळी जिन्याखालच्या चौकात जमली. बाई आल्या होत्या. पाठीमागे, दुकानाला कुलूप घालून आलेले बाबा खांबाला टेकून उभे होते, आणि सवयीनं ग्रंथालयाच्या घड्याळाची वेळ आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघत होते. फळ्या बाजूला केल्या. एक मदतनीस वर गेला आणि त्यानं कडीपासून पोलादी टेप खाली सोडली. प्राध्यापक गुडघ्यांवर बसले, चष्मा कपाळावर चढवला, गोळ्याच्या मध्याशी डोळा नेला.

"बारा मीटर अठ्ठावीस," ते म्हणाले.

अंदाजेनं मनात वजाबाकी केली. तीननं चुकले होते. दादाचे ओठ हलले. एकतीसमधून दोन गेले तर एकोणतीस. दोन लिहिलं असतं, तर ते या क्षणी बाद झाले असते.

चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या जाऊ लागल्या. एका जोडीनं बारा मीटर चाळीस लिहून हद्दीच्या जागी शून्य टाकलं होतं. बाद. दुसऱ्या जोडीनं अर्ध्या मीटरची हद्द दिली होती. ती हद्दीत बसली, पण प्राध्यापक म्हणाले, की यांच्या हद्दीत हत्तीचं पिल्लूही बसेल. तिसऱ्यांची हद्द पंधराची, तेही बसले आणि टाळ्या झाल्या. मग चष्मेवाले. बारा मीटर पंचवीस, हद्द एक. बाद.

चष्मेवाल्यांपैकी एकजण जागेवरून उठला. आम्ही फक्त तीन सेंटिमीटरनं चुकलोय, त्यानं हरकत घेतली. प्राध्यापकांनी मान हलवली आणि शेवटची चिठ्ठी उघडली. बारा मीटर एकतीस, हद्द चार.

"हेही तीननंच चुकलेत," ते म्हणाले. "पण यांनी आधीच सांगितलं होतं, की आम्ही चारपर्यंत चुकू शकतो. तुम्ही म्हणाला होतात, एक. लांबी तुम्हा दोन्ही जोड्यांना सारखीच कळली. आपल्याला किती कळलंय, ते फक्त यांना कळलं."

मग टाळ्यांनी ती सगळी पोकळी चौथ्या मजल्यापर्यंत घुमली. दादानं बहिणीला उचलून घेतलं, आणि ती नववीतली मोठी मुलगी असल्यानं दोघंही धडपडून बाकावर आदळली. बाई चष्म्याच्या काचा पुसत होत्या, त्या स्वच्छ असूनही. हरकत घेणारा चष्मेवाला अंदाजेजवळ आला आणि त्यानं विचारलं, की घड्याळ रुमालात का गुंडाळलं होतं म्हणे. तिनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं आपल्या जोडीदाराकडे वळून पाहिलं. मग म्हणाला, "आमचेही सगळे सारखेच आले होते."

प्राध्यापकांनी तिला पुढे बोलावलं आणि काही विचारायचंय का, असं आपलं रीतीप्रमाणे म्हटलं. अंदाजेनं त्यांच्या हातातल्या टेपकडे पाहिलं.

"सर, या टेपचं इकडे-तिकडे किती?"

लोक हसले. प्राध्यापक हसले नाहीत. त्यांनी टेप उलटसुलट करून पाहिली. "अर्धा सेंटिमीटर धर," ते म्हणाले. "इतकी वर्षं ही स्पर्धा घेतोय. हे विचारणारी तू पहिलीच." मग मिशीत हसून त्यांनी पुढे जोडलं, की तेवढा धरला तरी तुम्ही हद्दीतच आहात, मी आत्ताच मनात हिशेब केला.

मागे खांबाजवळ शेजारच्या कुणीतरी विचारलं, की ही मुलगी कुणाची. "माझी," बाबा म्हणाले. "म्हणजे, आम्हा दोघांची," आणि आई तिथे नसतानाही ते उगाच शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघून हसले.

पुढच्या शनिवारी सकाळी दोघं भावंडं डबे घेऊन दुकानातून बाहेर पडायला निघाली. गर्दी सुरू झाली होती. बाबा एका गिऱ्हाइकाच्या हातात घड्याळ ठेवत होते.

"काट्याला..." त्यांनी सुरुवात केली आणि ते थांबले. दाराशी लेक उभी होती. "दिवसाला दहा सेकंद इकडे-तिकडे," ते म्हणाले.

गिऱ्हाईक बुचकळ्यात पडलं. इकडे की तिकडे, ते नक्की सांगा ना, असं त्यानं म्हटलं.

"ते कळलं असतं, तर तेवढं दुरुस्त करूनच दिलं नसतं का?" बाबा म्हणाले. गिऱ्हाइकानं थोडा विचार केला, मान डोलावली आणि घड्याळ मनगटावर चढवलं.

मग बाबांनी दाराकडे पाहिलं. "किती वाजता याल?"

"सहाला," अंदाजे म्हणाली.

"बरं," बाबा म्हणाले. "तुमच्या आईला मी सांगतो, वीस मिनिटं मागेपुढे धर म्हणून."